पूर्वधक्के (भूकंपाचे)

मोठ्या भूकंपाआधी त्याच भागात बसणारे छोटे धक्के. त्यावरून मोठा भूकंप आधीच ओळखता येतो का, हा वाद जुना आहे. गोची अशी की धक्का बसतो तेव्हा त्याच्यावर कसला शिक्का नसतो, नंतर मोठा बसला तरच आधीच्याला पूर्वधक्का म्हणायचं, नाहीतर तो नुसताच धक्का. नाशिककरांना हे नवीन नाही. कळवणकडे दळवट भागात मांडणीवरची भांडी वाजली की दिंडोरी रोडच्या मेरीतला (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) भूकंपमापकाचा आकडा व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि मागोमाग "आता मोठा येणार" हेपण.

भाकीत जमतं म्हणणाऱ्यांचा हुकमी पत्ता म्हणजे चीनमधलं हायचेंग. ४ फेब्रुवारी १९७५ ला ७.३ चा भूकंप झाला, त्याआधी तीनचार दिवस शेकडो धक्के बसत होते म्हणून बऱ्याच लोकांना घराबाहेर काढलं होतं. पण पुढच्याच वर्षी २८ जुलैला चीनमधल्याच तांगशानला अशी काही चाहूल लागली नाही, सरकारी आकड्यानुसार सुमारे २ लाख ४२ हजार माणसं गेली.

खरा तांत्रिक वाद वेगळाच आहे. एका मताप्रमाणे मोठ्या भूकंपाआधी तिथला खडक हळूहळू सरकायला लागतो आणि पूर्वधक्के ही त्या सरकण्याची खूण, म्हणजे भाकिताला वाव आहे. दुसऱ्या मताने एक धक्का शेजारच्याला ढकलतो, तो पुढच्याला, आणि त्यातला एखादा योगायोगाने मोठा होतो, म्हणजे वाव जवळपास नाहीच. तुर्कस्तानातल्या इझमितच्या १९९९ च्या भूकंपाआधीचे ४४ मिनिटांतले धक्के २०११ च्या अभ्यासात पहिल्या मताचा पुरावा ठरले, २०१८ ला तीच नोंद नव्याने तपासली तर दुसऱ्या मताकडे झुकली. दुसरं जास्त पटण्यासारखं आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातला १९८५ चा हिशोबपण तेच सुचवतो, धक्क्यानंतर ५ दिवसांत त्याहून मोठा येण्याची शक्यता साधारण ६ टक्के.

महाराष्ट्रात किल्लारीला १९९२ मध्ये बरेच धक्के बसले, ऑक्टोबरमध्ये एक ४ च्या आसपास, आणि मोठा आला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. मधे जवळपास वर्ष गेलं, तरी काहीजण त्यांना पूर्वधक्केच म्हणतात. आपल्या शेजारच्या पालघरमध्ये, डहाणू-तलासरीकडे, नोव्हेंबर २०१८ पासून महिनोन्‌महिने जमीन हलत राहिली, लोक रात्री तंबूत झोपले, पण त्यातला सगळ्यात मोठा ४ च्या आसपासचाच निघाला.