नळ कोणी सोडायचा?

बालवर्गात वंशभेद मुलांच्या कर्तेपणावर कसा घाला घालतो, ही चर्चा अमेरिकेत होत आली आहे. कर्तेपण म्हणजे साध्याच गोष्टी: कुठे बसायचं ते ठरवणं, मध्येच प्रश्न विचारणं, तहान लागली की उठून पाणी पिणं. जात आणि वंश एक नव्हेत, हे मान्य. पण हा प्रश्न पुण्याला नवा नाही.

१८४८ मध्ये फुले दांपत्याने भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे महार-मांग मुलांसाठीही शाळा निघाल्या. फुल्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. अक्षरं शिकवणाऱ्या शाळा बऱ्याच असतात; शिकलेल्या मुलीला असं तोंड उघडू देणारी विरळा.

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या आंबेडकरांना बसायला गोणपाट असे. शाळा झाडणारा गडीही त्याला शिवत नसल्याने ते रोज घरी न्यावं लागे. मला मात्र नळ जास्त खुपतो. इतर मुलं मास्तरांना विचारून स्वतः नळ सोडत. यांच्यासाठी तो शिपायाने सोडायचा. शिपाई नाही, तर पाणी नाही.

अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या-काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेकांनी गोरी बाहुली पसंत केली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरल्या, तरी वेगळी वागणूक उरलीच, फक्त तिचं कारण बदललं. १९९५ मध्ये अवघ्या ४२ कुटुंबांच्या नोंदींवरून हिशेब मांडला गेला, की गरीब घरची मुलं तीन-चार वर्षांची होईपर्यंत सुस्थितीतल्या घरच्या मुलांपेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतात. मग ‘आधी शब्द, मोकळीक नंतर’ हा विचार बळावला. पुढे टेक्सासमधल्या स्थलांतरित लॅटिन अमेरिकी घरांतल्या पहिलीच्या मुलांना, त्यांच्यासारखीच मुलं वर्गात मोकळी वावरताना चित्रफितीत दाखवली. २०१७ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासातली मुलं म्हणाली, हे काही शिकणं नव्हे. गप्प बसून ऐकणं म्हणजे शिकणं.

आपल्याकडे शब्द मोजत नाहीत, उच्चार तपासतात. पुण्यातल्या एका बालवाडीत मी मागे बसले होते. चार वर्षांची एक मुलगी बाईंजवळ येऊन म्हणाली, “पानी पाहिजे.”

“पानी नाही, पाणी. म्हण बघू.”

तीनदा म्हणवून घेतलं, मग बाटली मिळाली. दुसऱ्या दिवशी ती आली आणि बाटलीकडे तिने नुसतं बोट दाखवलं.