रिम ओठांची, कप कामाचा

नागपुरात लगीनसराईत बँडपथकातला ट्रम्पेटवाला भर रस्त्यात वाजवतो, तेव्हा त्याच्या बाजूला ढोल असतात, मागे जनरेटर आणि पुढे नाचणारी वरात. तोच वादक नाताळात सदरच्या चर्चमध्ये कॅरोलच्या साथीला बसला, तर रस्त्यावर कमी पडणारा तो आवाज तिथे कानाला टोचतो. अशा वेळी नवं वाद्य घ्यायची गरज नसते, माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा सुटा भाग, बदलूनही पुष्कळ फरक पडतो. आता ओठ टेकतात ती कड म्हणजे रिम, तिच्या आतली वाटी म्हणजे कप आणि मागची नळी म्हणजे बॅकबोअर असे आट्यांनी जोडायचे सुटे भागही मिळतात.

ट्रम्पेटमध्ये स्वर जन्मतो तो ओठांत. ४४० हर्ट्झचा स्वर वाजवताना ओठ सेकंदाला ४४० वेळा उघडतात-मिटतात. त्यापुढे कपातली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि कपाच्या तळाच्या अरुंद छिद्रातली, म्हणजे थ्रोटमधली हवा पुढेमागे हलते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमतं ते याच तत्त्वाने. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ते ओळखलं जातं.

हे घरीच ऐकता येतं. सुटा माउथपीस तळहातावर रिमच्या बाजूने हलकेच आपटा. ‘पॉक्’ असा आवाज येईल. आता उथळ कपाचा माउथपीस तसाच आपटा. थ्रोट सारखाच असेल, तर हा ‘पॉक्’ जरा वरच्या पट्टीत येतो. ज्या पट्टीत हा आवाज येतो, तिच्या आसपासचे ध्वनिघटक माउथपीस उचलून धरतो. म्हणून उथळ कपाचा आवाज लखलखीत, गोंगाट चिरून जाणारा असतो आणि खोल कपाचा भरीव, मऊ. वरातीला पहिला बरा, चर्चला दुसरा.

पण उथळ कप घेतला की वरचे स्वर आपोआप निघतात, हा समज मला फार नुकसानकारक वाटतो. वरचे स्वर श्वास आणि ओठांच्या ताकदीवर निघतात. कप फार उथळ असेल तर ओठ तळाला टेकतात आणि स्वर अडकतो.

रिमचं काम वेगळं आहे. रुंद रिम दाब पसरवते, त्यामुळे ओठ उशिरा थकतात, मात्र स्वरावरून स्वरावर उडी मारताना ती थोडी जड वाटते. अरुंद रिम चपळ असते, पण रुतते. ओठांना एका रिमची सवय व्हायला आठवडे लागतात. म्हणून माझं ठाम मत असं की एकदा मानवलेली रिम तशीच ठेवावी आणि कामाप्रमाणे फक्त कप बदलावा. सुट्या भागांचा खरा फायदा हाच आहे.

व्हिन्सेंट बाख यांनी १९१८ मध्ये न्यूयॉर्कला माउथपीस बनवायला सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीत आकडा लहान तितका कप रुंद, आणि ‘ए’पासून अक्षर पुढे जाईल तसा कप उथळ. शिकणाऱ्याच्या हाती बहुधा ‘७सी’ येतो, तो दोन्ही बाबतींत मधला. इतर कंपन्यांचे आकडे याच्याशी जुळतीलच असं नाही.

बॅकबोअर आणि थ्रोट यांना शेवटी हात लावावा. थ्रोट साधारण ३.७ मिलिमीटरचा असतो. तो ड्रिलने मोठा केला की पुन्हा लहान करता येत नाही. कप बदलल्यावर मात्र ट्यूनरसमोर, म्हणजे स्वर चढलाय की उतरलाय ते दाखवणाऱ्या यंत्रासमोर, बसून खालचे, मधले आणि वरचे स्वर तपासा. आतल्या हवेचं आकारमान बदलल्याने काही स्वर, विशेषतः वरचे, सरकतात. सगळेच सारखे सरकले असतील तर ट्यूनिंग स्लाइडने, म्हणजे वाद्याच्या सरकत्या नळीने, भागतं. फक्त वरचेच चढले असतील तर तो कप तुमच्या वाद्याला जुळत नाही.