मीटिंगमधली अर्ध्या सेकंदाची फट

२०२० च्या गणपतीत मुंबईचे कितीतरी चाकरमानी गावी येऊ शकले नाहीत. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरात माटवीसमोर, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या सजवलेल्या चौकटीसमोर, स्टुलावर मोबाइल उभा केला. पलीकडे दादरहून काका, पुण्याहून चुलतभाऊ. आरती सुरू झाली आणि दुसऱ्या ओळीलाच सगळं विस्कटलं. आमचा टाळ पडायचा, तिकडचा मागाहून यायचा. आम्ही त्यांच्यासाठी थांबायचो, ते आमच्यासाठी. शेवटी काकांनी एकट्यांनी आरती म्हटली, आम्ही फोन म्यूट करून त्यांच्यामागून म्हणत राहिलो. तेव्हा कुठे जमलं.

आता दर सोमवारी मी याच घराच्या माडीवरून ऑफिसच्या मीटिंगला बसते. सुरुवातीला आइसब्रेकर असतो, म्हणजे लोकांनी जरा मोकळं व्हावं म्हणून एखादा खेळ किंवा प्रश्न. तो फसला की दोष लोकांच्या बुजरेपणाला दिला जातो. मला मात्र वाटतं, तो बहुतेक वेळा आमच्या आरतीसारखाच फसतो.

समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? २००९ साली तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या १० भाषांमधले प्रश्न आणि उत्तरं मोजली. सरासरी अंतर निघालं सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. साधा एक शब्द मनात जुळवून तोंडावाटे काढायला मेंदूला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार हे ताडतो आणि उत्तराची तयारी करतो. बाजारात माशांचा भाव करणाऱ्या दोघी बघा, एकीचा शेवटचा शब्द हवेत असतानाच दुसरीचा सुरू होतो.

व्हिडिओ कॉलवर हे ताडणं चुकतं. आवाज उशिरा पोचतो, श्वास घेतल्याची चाहूल लागत नाही, नजर कोणाकडे आहे ते कळत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलंड यांच्या २०२२ च्या अभ्यासात समोरासमोर बोलताना हे अंतर सरासरी १३५ मिलिसेकंद होतं, झूमवर ४८७. जवळजवळ अर्धा सेकंद! त्यात पावसाळ्यात आमच्याकडची रेंज. “सुट्टी कशी गेली?” असं कोणी विचारलं की आधी शांतता, मग तिघं एकदम, मग “नाही नाही, तुम्ही बोला” आणि पुन्हा शांतता.

या फटीचा खरा त्रास पुढे आहे. २०१४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी फोनवरच्या संभाषणात मुद्दाम उशीर घातला. उशीर सव्वा सेकंदाच्या घरात गेला, तेव्हा लोकांना पलीकडचा माणूस कमी आपुलकीचा आणि कमी लक्ष देणारा वाटू लागला. दोष लाइनचा, ठपका माणसावर. नव्या सहकाऱ्याबद्दल पहिल्याच दिवशी असा गैरसमज होणं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे हुंकार. गोष्ट सांगणाऱ्याला ‘हं’ म्हणणारं कोणी लागतं, हे आजीच्या अंथरुणात झोपलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. २००० साली जॅनेट बावेलास यांनी हे तपासलं. काही श्रोत्यांना त्यांनी गोष्ट ऐकताना ‘टी’ अक्षराने सुरू होणारे शब्द मोजायला लावले. त्यांचे हुंकार आटले आणि सांगणाऱ्यांची गोष्टच बिघडली, विशेषतः शेवटाकडे. मीटिंगमध्ये वीस जण म्यूटवर असतात, तेव्हा बोलणाऱ्याची गत तीच होते. म्हणून मान डोलवणं, अंगठा दाखवणं हे पडद्यावर ठसठशीत करावं लागतं. ओशाळायचं कारण नाही.

मग खेळ कोणता? ज्यात पटकन बोलण्याची शर्यत नाही, तो. काकांची युक्ती: एकाच्या हाती सूत्र आणि नाव घेऊन पाळी. किंवा प्रश्न विचारून सगळ्यांनी चॅटमध्ये उत्तर लिहायचं, पाठवायचं मात्र ‘तीन’ म्हटल्यावर एकदमच. मग लाजरा आणि बडबड्या दोघांचं उत्तर एका वेळी दिसतं. गट मोठा असेल तर कॉलमध्येच चार-चार जणांच्या वेगळ्या खोल्या कराव्यात. रॉबिन डनबर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली लोकांच्या सहज गप्पा पाहिल्या, तर एका संभाषणात चारच्या वर माणसं क्वचितच टिकत होती. पाचवा आला की गजाली दोन ठिकाणी फुटते, हे आमच्या खळ्यातही, म्हणजे अंगणातही, रोज दिसतं.

एकत्र गाण्याचा मोह मात्र आवरावा. गाण्याने जवळीक वाढते हे खरं आहे. २०१५ च्या एका ब्रिटिश अभ्यासात गाण्याच्या वर्गातले प्रौढ हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांपेक्षा लवकर एकमेकांचे झाले. सात महिन्यांनी मात्र सगळे वर्ग बरोबरीला आले. पण ताल टिकायला आवाज साधारण २० ते ३० मिलिसेकंदांत पोचावा लागतो. व्हिडिओ कॉलला ते जमत नाही.

आमच्याकडे सध्या एकच प्रश्न चालतो: “खिडकीतून आत्ता काय दिसतंय?” उत्तर डोळ्यांसमोरच असतं, जुळवायला वेळ लागत नाही, आणि घरातलं खासगी काही उघडं करावं लागत नाही. गेल्या सोमवारी माझी पाळी आली तेव्हा मी लॅपटॉप उचलून खळ्याकडे फिरवला. आई सुपावर आमसुलं उलटीपालटी करत होती, बोटं जांभळी झालेली. नागपूरचा एक सहकारी, महिनाभरात कामापलीकडे चकार शब्द न काढलेला, म्यूट काढून म्हणाला, “ती सालं रसात किती वेळा बुडवता?” आईने खळ्यातूनच ओरडून उत्तर दिलं.