मधमाश्यांवरील विषचाचणी आणि संगोपनस्थिती

फवारणीचे औषध मधमाशीला किती घातक आहे हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत माश्यांवर चाचणी घेतात आणि निम्म्या माश्या मारणारी मात्रा (एलडी ५०) काढतात. हा आकडा औषधाचा म्हणून नोंदला जातो. खरे तर माशी कशी वाढली, काय खाऊन वाढली, हेही त्यात उतरलेले असते.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९९८ मध्ये यासाठी दोन मार्गदर्शिका काढल्या : क्र. २१३ पोटातून जाणाऱ्या विषासाठी, क्र. २१४ स्पर्शविषासाठी. स्पर्शचाचणीत गुंगवलेल्या माशीच्या पाठीवर पंखांच्या मुळाजवळ औषधाचा १ मायक्रोलीटरचा थेंब ठेवतात. मग दहा-दहा माश्या पिंजऱ्यात, अंधारात, सुमारे २५° से. तापमानात साखरेच्या पाकावर ठेवून निदान ४८ तास मेलेल्या माश्या मोजतात. औषध न दिलेल्या गटात १० टक्क्यांहून जास्त माश्या मेल्या तर चाचणी बाद ठरते. दहा दिवसांच्या चाचणीत (क्र. २४५, २०१७) मात्र तापमान ३३° से. असते. त्यामुळे दोन्हींतले आकडे सरळ शेजारी ठेवून चालत नाही.

पोळ्यात अळ्या आणि कोष असतात तिथे माश्या ३४ ते ३५° से. ऊब राखतात. इटलीतील २०१० च्या अभ्यासात ३५° ऐवजी ३३° ला वाढलेल्या माश्या मोठेपणी डायमिथोएट या कीटकनाशकाला लवकर बळी पडल्या. फरक फक्त दोन अंशांचा. वसाहत कमजोर झाली, पिल्लांवर बसायला माश्या कमी पडल्या, की एवढी घट सहज होते.

आहाराचा प्रभावही तितकाच मोठा आहे. कोवळ्या वयात माशीला पराग किती आणि कोणत्या प्रतीचा मिळाला यावर तिची काही कीटकनाशकांपुढची सहनशक्ती ठरते, हे १९८३ मध्येच दिसून आले होते. पुढे २०१३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी त्यामागचे एक कारण दाखवले. पराग आणि मधातील पॅरा-कौमारिक आम्ल माशीच्या शरीरातील विष मोडणारी जनुके जागी करते. ते आहारात असताना कौमाफॉस हे कीटकनाशक सुमारे ६० टक्के अधिक वेगाने मोडले गेले. निव्वळ साखरेच्या पाकात हे आम्ल नसते. म्हणजे पिंजऱ्यातली माशी पोटभर खाऊनही उणीच राहते.

आणखी एक अडचण वाटपाची. माश्या एकमेकींना तोंडातून अन्न भरवतात. म्हणून दहा जणींना एकत्र पाजलेले विष प्रत्येकीने सारखेच घेतले, असे केवळ गृहीत धरावे लागते.

या मार्गदर्शिका मेलिफेरा म्हणजे युरोपीय मधमाशीसाठी बेतलेल्या आहेत. सह्याद्रीतली सातेरी तिच्याहून लहान, तिला तेच आकडे लावणे धोक्याचे आहे. तिची चाचणी वेगळीच हवी. आग्या माशीचे तर पेटीत संगोपनच होत नाही. ती उंच फांदीला किंवा कड्याला एकच उघडे पोळे बांधते. फुलांवरून पकडलेल्या आग्या माशीचे वय कळत नाही आणि आधी तिने कोणत्या शेतातले काय खाल्ले, हेही नाही.