‘मम्म’ आणि ‘तेलं’: बाळबोली कुठली, बोबडे बोल कुठले?

दोन वर्षांचं मूल स्वयंपाकघराच्या दारात येऊन ‘मम्म’ म्हणतं आणि जेवण झालं की ‘तेलं’ मागतं. घरातले दोन्हींना कौतुकाने बोबडे बोल म्हणतात. पण ‘मम्म’ हा बोबडा शब्द नव्हेच. मोठ्यांनी तो मुलाला शिकवलेला असतो आणि मूल तो जसाच्या तसा, अगदी शुद्ध उच्चारतं. ‘तेलं’ मात्र त्याचं स्वतःचं. कानांनी ऐकलं ‘केळं’, जिभेला जमलं ‘तेलं’. पहिला शब्द मोठ्यांकडून मुलाकडे जातो, दुसरा मुलाकडून मोठ्यांकडे येतो.

मम्म, भूभू, माऊ, हम्मा, चिऊ, काऊ, भुर्र, जोजो, गाई, शू, शी, बाऊ, पापा, टाटा ही झाली बाळबोली. तिची घडण ठरलेली असते. ओठांवरचे प-ब-म, नाहीतर दातांजवळचे त-द असे सोपे वर्ण, एकच अक्षर दोनदा, मधेच एखादं जोरकस द्वित्त, म्हणजे दुहेरी व्यंजन. एकाच शब्दात नाम आणि क्रियापद दोन्ही भागतं: ‘भुर्र’ म्हणजे पाखराचं उडणंही आणि आपलं बाहेर फिरायला जाणंही. ‘म’च का, याचं एक उत्तर रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिलं आहे. दूध पिताना बाळाचं तोंड भरलेलं असतं, तेव्हा आवाज निघू शकतो तो फक्त नाकातून. तोच हुंकार पुढे आई आणि अन्न मागण्याची खूण होतो. मराठी बाळबोलीचा तर रीतसर अभ्यास झालेला आहे. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी १९६४ मध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि त्याच वर्षी अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसनने जगातल्या सहा भाषांतली बाळबोली शेजारी शेजारी ठेवून पाहिली, त्या सहांत मराठी होती.

या शब्दांना गावाची फारशी आडकाठी नसते. नागपुरात काय नि कोल्हापुरात काय, ‘भुर्र जायचं?’ म्हटलं की कुठल्याही आजीला कळतं. थोडा घोळ होतो तो अर्थाचा. काही घरांत मम्म म्हणजे जेवण, काही घरांत पाणी. ‘बाऊ झाला’ म्हणजे लागलं, पण ‘बाऊ करू नको’ मधला बाऊ हा भीतीचा बागुलबुवा.

बोबड्या बोलांत असे ठरलेले शब्द नसतात, असतात ते नियम. हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. ‘तेलं’ म्हणणारं मूल काकाला ‘ताता’ म्हणतं, खाऊला ‘थाऊ’, गोळीला ‘दोली’ आणि घोड्याला ‘धोडा’. वर्णमाला डोळ्यांपुढे आणा: क-ख-ग-घ ही अख्खी ओळ उचलून त-थ-द-ध वर ठेवली आहे, क्रमही न बिघडवता. कवर्गासाठी जिभेची मागची बाजू उचलावी लागते. ती जागा समोरच्याच्या तोंडाकडे बघून दिसत नाही आणि साधायलाही अवघड. जिभेचं टोक दातांना लावणं त्यामानाने सोपं. दुसरा नियम र आणि ळ यांच्या जागी ल. दोन्ही एकत्र आले की भाकरीची ‘भातली’ होते. तिसरा, जोडाक्षरातलं एक व्यंजन गाळायचं: प्लेट ‘पेट’, स्टूल ‘टूल’. चौथा, लांब शब्दातली अक्षरं खायची: हेलिकॉप्टरचं ‘कॉटर’. अदलाबदलही होते, चाकूचा ‘काचू’, पण ती तुरळक.

(जोडाक्षर पणजीलाही जड जातं, पण तिची तऱ्हा उलटी. मूल व्यंजन गाळतं, ती आधी स्वर जोडते: इस्टूल, इस्टो, इस्कूल. तिला बोबडी म्हणून चालणार नाही.)

तेव्हा शब्द कुठल्या जातीचा ते ओळखायचं असेल, तर त्याच वर्णाचे आणखी चार शब्द मुलाकडून काढून घ्या. केळं, काकडी, कुलूप, कप या चारही शब्दांत ‘क’चा ‘त’ झाला तर तो बोबडेपणा. बाकी ‘क’ स्वच्छ येतात आणि एकच शब्द वाकडा राहिला असेल, तर तो वाकडाच शिकलेला आहे.

असं होतं कसं? घरंच बनवतात. थोरला हेलिकॉप्टरला ‘हेकॉटर’ म्हणतो, सगळे हसतात, हसत हसत स्वतःही तेच म्हणू लागतात. दोन वर्षांनी धाकटी बोलायला लागते. ती ‘डॉक्टर’ व्यवस्थित म्हणते, तरी आकाशात बघून ‘हेकॉटर’च. थोरल्याच्या तोंडी तो बोबडा बोल होता, धाकटीच्या तोंडी तो या घरापुरता मराठी शब्द झाला. घरगुती टोपणनावांचंही बऱ्याचदा असंच असतं: रोहिणीची ‘लोनी’ धाकट्या भावंडाने केलेली, आणि तो भाऊ चाळिशीला आला तरी ती लोनीच.

मुलाला उत्तर देताना हा फरक उपयोगी पडतो. बाळबोली खुशाल वापरा. शेजारी खरा शब्द ठेवला की झालं: ‘भूभू आला, केवढा मोठा कुत्रा!’ बोबडा शब्द मात्र परत म्हणू नका आणि ‘के म्हण, के, के’ अशी उजळणीही लावू नका. मूल ‘तेलं’ म्हणालं की साध्या बोलण्यात खरा शब्द दोन-तीनदा येऊ द्या: ‘केळं हवं? थांब, केळं सोलते. गोड आहे ना केळं?’ मुलाने काही म्हणून दाखवायची गरज नाही. बहुतेकदा त्याच्या कानाला फरक कळतोच, अडतं ते जिभेचं. जीन बेर्को आणि रॉजर ब्राउन या मुलांच्या भाषेच्या अभ्यासकांनी १९६० मध्ये नोंदवलेला मुलगा आपल्या खेळण्यातल्या माशाला, ‘फिश’ला, ‘फिस’ म्हणायचा. मोठ्यांनी ‘हा तुझा फिस का?’ विचारलं की रागावून ‘नाही, माझा फिस!’ शेवटी कुणी ‘फिश’ म्हणालं तेव्हा समाधानाने ‘हो, माझा फिस.’

‘अले माज्या लाजा, ताय झालं?’ हे मोठ्यांचं बोलणं दोन्हींत बसत नाही. ती बोबड्याची नक्कल. त्यातला चढा, लांबवलेला सूर बाळाचं लक्ष वेधतो, तो ठेवा. व्यंजनं बिघडवण्यात बाळाचा काही फायदा नाही.

तोतरेपणाही यात मिसळू नये. तोतऱ्याला वर्ण येतो, पण शब्द अडतो किंवा पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा येतं. आपली भाषाही इथे घोटाळा करतेच: भीतीने ‘बोबडी वळते’ तेव्हा माणूस ‘र’चा ‘ल’ करत नाही, त-त-प-प करतो.

काळजी कधी करायची, याचे ठोकताळे आहेत. परक्या माणसाला मुलाचं बोलणं दोन वर्षांला साधारण निम्मं, तीनला पाऊण आणि चारला जवळपास सगळं कळावं. दोन वर्षांला सुमारे ५० शब्द आणि ‘बाबा भुर्र’ अशी दोन शब्दांची जोडणी हवी. मोजताना लोक हमखास चुकतात: मम्म, भूभू हे खरे शब्द नाहीत म्हणून गाळतात आणि ‘तेलं’ चुकीचं म्हणून सोडून देतात. दोन्ही मोजायचे, अट एकच, मूल तो शब्द दर वेळी त्याच अर्थाने वापरत असावं. ‘क’चा ‘त’ चार वर्षांनंतरही राहिला तर स्पीच थेरपिस्टला दाखवा. र आणि ळ उशिरा येतात, त्यांना अजून मुदत द्या. बोलणं एकूणच मागे वाटलं तर आधी कान तपासून घ्यावेत. वांद्र्याला १९८३ पासून असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्थेसारख्या ठिकाणी दोन्ही तपासण्या होतात.

पाळणाघरातल्या ताईंना चिठ्ठी लिहून द्यायची तर तीही या फरकावर बेतावी. बाळबोली ताईंना येतेच, तिची यादी नको. फक्त मम्म म्हणजे जेवण की पाणी, तेवढं लिहा. बोबड्यातले शब्द लिहीत बसण्यापेक्षा नियम लिहा: ‘क-ख-ग-घ ऐवजी त-थ-द-ध, र आणि ळ ऐवजी ल.’ मग खाली घरगुती शब्द, कारण ते कुठल्याच नियमावरून ओळखता येणार नाहीत. शिवाय घोळ करणाऱ्या जोड्या: ‘तेलं’ म्हणजे तेल नव्हे, आणि ‘ताला’ हा काळाही असू शकतो, ताराही. चिठ्ठी दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते. ‘क’ नवा नवा जमू लागला की काही मुलं तो जिथे तिथे लावतात आणि ‘हातात’चं ‘हाकात’ करतात. त्या आठवड्यात चिठ्ठीतला पहिला नियम खोडून टाका.