बूशों : ल्यों शहरातील पारंपरिक खाणावळ

बूशों ही फ्रान्समधील ल्यों शहराची खास खाणावळ. जागा लहान, टेबले एकमेकांना खेटून, मालक किंवा मालकीण स्वतः गिऱ्हाइकांत वावरणारी, आणि ताटात प्रामुख्याने डुकराचे व गाईचे ते भाग, जे श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात सहसा जात नसत. बिस्त्रो, म्हणजे साधी छोटी रेस्टॉरंटे, फ्रान्समध्ये गावोगाव असतात. बूशों मात्र ल्योंचीच. दारावर गवताची किंवा फांद्यांची जुडी टांगून ‘इथे दारू मिळते’ हे कळवण्याची जुनी रीत होती, तिच्यावरून हे नाव पडले असे सर्वसाधारणपणे मानतात.

या खाण्याची मुळे रेशमाच्या धंद्यात आहेत. १५३६ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने ल्योंला रेशीम विणण्याची सवलत दिली आणि सोन नदीकाठच्या सँ-जॉर्ज भागात माग सुरू झाले. एकोणिसाव्या शतकात नक्षी विणणाऱ्या उंच जॅकार्ड मागांसाठी उंच छताची घरे हवी झाली, तेव्हा विणकर क्रोआ-रूसच्या टेकडीवर गेले. या विणकरांना कान्यू म्हणतात. १८३१ व १८३४ मध्ये मजुरीच्या दरावरून त्यांनी केलेले उठाव सैन्य आणून मोडावे लागले, यावरून त्यांच्या हातात किती पैसा पडत असेल याची कल्पना यावी. दिवस उजाडण्यापूर्वी मागावर बसणाऱ्या या माणसांना सकाळी नऊच्या सुमारास भरपेट खाणे लागे. आतडी, कोथळा, पाय, डोके असे स्वस्त मांस, थंड सॉसेज, पाव आणि वाइन. या न्याहारीला माशों म्हणतात. सकाळी नऊला लाल वाइन हे वाचून भुवया उंचावतील, पण काही बूशोंमध्ये माशों आजही मिळते आणि ते खाणारे सगळेच पर्यटक नसतात.

बूशोंबरोबर ल्योंच्या ‘मेरां’चे, म्हणजे ‘आयां’चे नाव नेहमी घेतले जाते. सधन घरांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी नोकरी सोडून स्वतःच्या खाणावळी काढल्या. मेर फिलियूची कातडीखाली ट्रफल या महागड्या, सुवासिक भूछत्राच्या चकत्या सरकवून उकडलेली कोंबडी प्रसिद्ध होती. तिच्या हाताखाली शिकलेली यूजेनी ब्राझिए १९३३ मध्ये आपल्या दोन रेस्टॉरंटांसाठी प्रत्येकी तीन, असे सहा मिशलँ तारे (मिशलँ मार्गदर्शिकेकडून उत्तम रेस्टॉरंटांना मिळणारा मान) मिळवणारी पहिली व्यक्ती ठरली. पुढे जगप्रसिद्ध झालेला शेफ पोल बोक्यूज तिच्याच भटारखान्यात उमेदवारी करून गेला. तरीही मेरांचा आणि बूशोंचा स्वयंपाक एकच मानणे बरोबर नाही. मेरांच्या टेबलावर ट्रफल आणि ब्रेस प्रांतातली नावाजलेली कोंबडी असे, बूशोंच्या टेबलावर कोथळा. दोन्हींना जोडते ती घरगुती हाताची चव. १९३५ मध्ये खाद्यसमीक्षक क्युरनोन्स्कीने ल्योंला जगाची खाद्य-राजधानी म्हटले, त्यामागे या दोन्हींचा वाटा होता.

आज पाहुणा बूशों शोधत बहुधा जुन्या ल्योंत येतो. फुर्व्हिएर टेकडी आणि सोन नदी यांच्यामधली ही चिंचोळी वस्ती सँ-पोल, सँ-जाँ आणि सँ-जॉर्ज अशा तीन भागांची आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांतले वाडे, गोल जिने, आणि एका गल्लीतून घरांच्या पोटातून दुसऱ्या गल्लीत काढणारे बोळ, त्यांना इथे त्राबूल म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही वस्ती पार खंगली होती आणि ती फोडून रस्ता काढायचे घाटत होते. रहिवाशांनी विरोध केला. संस्कृतिमंत्री आंद्रे माल्रो यांच्या १९६२ च्या कायद्यानुसार १९६४ मध्ये जुने ल्यों हे फ्रान्समधले पहिले संरक्षित क्षेत्र ठरले. १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. वस्ती वाचली, भाडी वाढली. सँ-जाँ रस्त्यावर आता जवळपास दर दुसऱ्या दाराशी ‘बूशों’ अशी पाटी दिसते.

आतली मांडणी ठरलेली: लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, भिंतीवर तांब्याची भांडी आणि जुनी पोस्टरे, फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ. वाइन येते ती ‘पो’ नावाच्या जाड बुडाच्या बाटलीत. तिच्यात ४६० मिलिलिटर मावते, आणि जाड बुडामुळे ती टेबलावर सहसा कलंडत नाही. उत्तरेकडची बोजोले आणि दक्षिणेकडची कोत द्यु रोन या दोन वाइन सर्रास. रोन आणि सोन यांच्या संगमावरच्या या शहरात बोजोले ही तिसरी नदी वाहते, हा तिथला जुना विनोद आहे.

सुरुवातीला ग्रातों येतात, म्हणजे डुकराच्या चरबीचे तळून कुरकुरीत केलेले तुकडे. मग सॅलड, पण नाव ऐकून फसू नये. कडवट पाल्यावर डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे, तळलेला पाव आणि वर पाण्यात उकडलेले कवचाविना अंडे असते. ते फोडून पिवळे बलक पाल्यात कालवायचे. काही ठिकाणी हेरिंग मासा व बटाटे, मसूर, वासराचे पाय अशी मोठी वाडगी टेबलावरून टेबलावर फिरतात. आपण वाढून घ्यायचे आणि वाडगे पुढे सरकवायचे.

मुख्य पदार्थांत ताब्लिए द सापर पहिला. गाईच्या कोथळ्याचा जाळीदार भाग शिजवून पांढऱ्या वाइनमध्ये मुरवतात, अंडे व पावाच्या चुऱ्यात घोळवून तव्यावर तांबूस होईपर्यंत तळतात. बाहेरून कटलेटसारखा खुसखुशीत, आत चिवटपणाकडे झुकणारा मऊ. आंदुयेत हे आतड्यांचे सॉसेज. त्याचा वास उग्र असतो आणि तो तसाच असायला हवा, असे खाणारे सांगतात. आपल्याकडे वजडीचे जसे चाहते आणि नावे ठेवणारे असे सरळ दोन तट असतात, तसेच याचे. ल्योंच्या आंदुयेतमध्ये लागणाऱ्या वासराच्या आतड्याच्या पडद्यावर ‘मॅड काऊ’ रोगाच्या साथीनंतर बंदी आली होती, ती २०१५ मध्ये उठली. ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी केनेल: पाइक माशाचा गर, पीठ, लोणी व अंडी यांचा लांबट गोळा, ओव्हनमध्ये फुगवलेला, क्रेफिशच्या नाँत्युआ सॉसमध्ये. माझ्या मते बूशोंतला सर्वांत नाजूक पदार्थ हाच. शेवटी सेर्व्हेल द कान्यू, म्हणजे ताज्या चीजमध्ये कांदापात, लसूण, तेल व व्हिनेगर फेटून केलेला प्रकार, किंवा गुलाबी साखर चढवलेल्या बदामांची लालभडक टार्ट.

पाटी लावायला परवाना लागत नाही, त्यामुळे खरी बूशों कोणती हा वाद जुना आहे. २०१२ पासून ‘ले बूशों ल्योने’ असे प्रमाणचिन्ह दिले जाते. ताजा माल, स्थानिक पदार्थ, मांडणी आणि आदरातिथ्य तपासून ते मिळते. चिन्हावर न्याफ्रों आहे, हातात वाइनचा पेला घेतलेला. गिन्योल या ल्योंच्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातला हा दारूबाज चांभार. चिन्ह पाहून जाणे बरे, पण ते नसलेल्या सगळ्या खाणावळी नकली असतात असे नाही. पाच भाषांतला, फोटोंचा मेन्यू दाराशी दिसला तर मात्र पुढे चालू लागावे.

दुपारी साधारण बारा ते दोन आणि संध्याकाळी सातनंतर जेवण मिळते. मधल्या वेळात भटारखाना बंद. काही बूशों शनिवार-रविवारी उघडतच नाहीत. आत शिरताना ‘बोंझूर’ म्हणणे अपेक्षित असते. पाव आणि नळाचे पाणी फुकट, सेवाशुल्क किमतीतच धरलेले. शाकाहाऱ्यांनी टेबल राखून ठेवतानाच तसे सांगावे. अनेक ठिकाणी त्यांच्या वाट्याला चीज, बटाट्याचे ग्रातँ आणि ती गुलाबी टार्ट एवढेच येते.