फ्यूएल गेज (लिथियम बॅटरी) : चुकीचे टक्के आणि दोषशोध

मोबाइल, लॅपटॉप किंवा विजेवरच्या स्कूटरच्या बॅटरीत किती चार्ज उरला आहे, याचा हिशोब ठेवणाऱ्या चिपला फ्यूएल गेज म्हणतात. पेट्रोलच्या टाकीतला तरंगता गोळा पातळी थेट दाखवतो. लिथियम सेलमध्ये तशी काही सोय नाही. पडद्यावरचे टक्के व्होल्टेज, करंट आणि तापमान यांवरून काढलेले असतात.

नेहमीचा लिथियम-आयन सेल भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो आणि ३ व्होल्टच्या आसपास रिकामा धरला जातो. पण लोड (बॅटरीवर चालणारे उपकरण) असताना व्होल्टेज दबते, चार्जिंगवर असताना फुगते. मॅक्स१७०४८ सारखी केवळ व्होल्टेजवर चालणारी चिप चार्जर लावलेल्या अवस्थेत सुरू झाली, तर तिचा पहिला अंदाजच जास्तीचा निघतो. बॅटरी लोड आणि चार्जरशिवाय शांत ठेवून ‘क्विक-स्टार्ट’ (अंदाज नव्याने काढायला लावणारी) आज्ञा दिली की तो सुधारतो.

दुसऱ्या प्रकारच्या चिपा आत-बाहेर जाणारा करंट मोजून बेरीज-वजाबाकी करतात. त्यासाठी वाटेत एक छोटा रोध (रेझिस्टर), बहुधा १० मिलिओहमचा, बसवलेला असतो. त्यावर १ मिलिअँपिअरने पडणारे व्होल्टेज असते अवघे १० मायक्रोव्होल्ट. तेवढी शून्यचूक (करंट नसतानाही मोजला जाणारा आकडा) राहिली, तर दिवसाला २४ आणि महिन्याला ७२० मिलिअँपिअर-तासांचा घोळ होतो, म्हणजे ३००० च्या बॅटरीचा जवळपास चौथा हिस्सा. सोल्डरिंग कच्चे असले की रोध वाढतो आणि करंट फुगवून मोजला जातो. घरी जुळवलेल्या सर्किटमध्ये आणखी एक चूक हमखास सापडते: लोडची निगेटिव्ह वायर रोधाला वळसा घालून थेट सेलला जोडलेली असते. मग बॅटरी उतरते, टक्के मात्र हलत नाहीत. चिपवर संशय घेण्याआधी ही वायर पाहावी.

यानंतर सेटिंग. चिपमध्ये भरलेली मूळ क्षमता आणि सेलचा रासायनिक प्रकार प्रत्यक्ष सेलशी जुळला पाहिजे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बीक्यू२७४४१ मध्ये तर बॅटरी काढली की भरलेली माहिती पुसली जाते. ती पुन्हा न भरल्यास चिप कारखान्यातल्या आकड्यांवरच चालते.

दोष गेजचा की सेलचा, हे मल्टिमीटरने बऱ्यापैकी कळते. लोड आणि चार्जर काढून दोन-तीन तास थांबावे. सेल ३.९ व्होल्ट दाखवत असताना पडद्यावर १० टक्के असतील, तर गेज चुकते आहे. याउलट विश्रांतीत व्होल्टेज ठीक, पण कॅमेरा उघडताच कोसळते आणि ३० टक्क्यांवर फोन बंद पडतो, तर सेलचा अंतर्गत रोध वाढला आहे. थंडीत हे जास्त जाणवते. अशा सेलवर कॅलिब्रेशनचा उतारा चालत नाही.

पूर्ण भरून, काही तास ठेवून, उपकरण आपोआप बंद होईपर्यंत उतरवून पुन्हा पूर्ण भरणे, ही कॅलिब्रेशनची रूढ पद्धत. तिने सेल सुधारत नाही, फक्त चिपला भरलेली आणि रिकामी ही दोन टोके नव्याने कळतात. दर आठवड्याला असे करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो निरर्थक आहे, कारण खोलवर उतरवल्याने सेल उलट झिजतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट सेलची अडचण वेगळी. मधल्या मोठ्या टप्प्यात त्याचे व्होल्टेज ३.३ च्या आसपास जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे बेरजेतली चूक दुरुस्त करायला आधारच मिळत नाही. म्हणून अशी बॅटरी अधूनमधून १०० टक्के भरणे गरजेचे असते; त्याच वेळी बीएमएस (पॅकमधल्या सेलांवर देखरेख ठेवणारे सर्किट) सेल समतोलही करून घेतो. पॅकमधला एखादा सेल मागे पडला असेल, तर तो आधी रिकामा होतो आणि बाकीच्यांत चार्ज शिल्लक असूनही बीएमएस सगळा पुरवठा तोडतो.

लॅपटॉपच्या पॅकमध्ये नवे सेल टाकूनही टक्के जुनेच वागतात, तेव्हा चिपमधली शिकलेली क्षमता आणि चार्ज-डिस्चार्जच्या सायकलींची नोंद तशीच राहिलेली असते.